कोतवाल पंजीतल्या तीन ओळी

पोळा होऊन अठरा दिवस झाले होते आणि त्या अठरा दिवसांत चिचटोल्यावर पाऊस पडला नव्हता. धान पोटरीत आलं होतं. झाडूच्या तीन बांध्या, धानाची बांध घातलेली वावरं, बोडीच्या लहान तळ्याच्या खालच्या अंगाला होत्या. वरच्या बांधीत टाच बुडेल इतकं पाणी होतं, मधल्या बांधीत नुसता चिखल, आणि खालच्या बांधीत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मंगळवारी सकाळी तो फावडं घेऊन बोडीच्या पारीवर, तिच्या मातीच्या बांधावर, चढला तेव्हा मोरीचं तोंड चिखलानं लिंपलेलं दिसलं. वर पळसाच्या फांद्या आणि त्यांच्यावर दगड. पाणी सोडायची ही मोरी म्हणजे मोहाचं पोकळ खोड. झाडूच्या बापानं, लटारूनं, ते स्वतः कोरून पारीत बसवलं होतं.

पारीवर गुणवंतराव उकिडवा बसला होता. तो लटारूच्या धाकट्या भावाचा मुलगा, झाडूपेक्षा सात वर्षांनी लहान. बोडी दोघा भावांनी मिळून खोदलेली, त्यामुळे पाण्याची पाळी दोन घरांची: चार दिवस याचं, चार दिवस त्याचं. इतकी वर्षं ती मोजायलाही कोणी बसलं नव्हतं.

झाडूनं फावडं टेकवलं आणि आजपासून आपली पाळी असल्याचं सांगितलं. गुणवंतरावानं सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. तो उलगडला नाही, नुसता गुडघ्यावर ठेवला.

“पाळी लटारूबाच्या पोराची,” तो म्हणाला. “तू कोनाचा पोरगा होस, ते यात लिवलं हाये.”

झाडूला वाचता येत नव्हतं. कागदात काय आहे ते गुणवंतरावानंच सांगितलं. मुलाच्या नोकरीसाठी घराण्याचा जुना पुरावा हवा होता म्हणून तो गडचिरोलीला गेला होता. तिथं इंग्रजांच्या काळातल्या कोतवाल पंज्या, जन्म-मृत्यूच्या वह्या, आहेत. जावयाच्या सांगण्यावरून त्यानं एकोणीसशे चौतीस सालही बघायला लावलं. तेवीस सप्टेंबर, मौजा चिचटोला, मुलगा एक. बापाचं नाव मुखरू वल्द सोमा, जात महार. लटारूच्या नावावर त्या वर्षी जन्मच नाही. आणि त्या भादव्यात टोल्यावर एकच मुलगा झाला होता, तो झाडू, हे तर सगळ्यांनाच ठाऊक.

झाडूनं फांदीला हात घातला. गुणवंतराव उठला नाही, फक्त म्हणाला, “काहाडशीन त ठान्यात जाईन.” झाडूनं हात मागं घेतला. बावन्न वर्षांचा माणूस फावडं खांद्यावर टाकून पारीवरून उतरला तेव्हा खालच्या बांधीत निंदण करणारी त्याची बायको कांता कमरेवर हात ठेवून उभी राहून बघत होती.

झाडूच्या नावाची गोष्ट टोल्यावर जुनीच होती. त्याच्या आधी आईला, सुगंधाला, झालेले तीन मुलगे बाळंतिणीच्या खोलीतच गेले. मुलं जगत नसली की नव्या मुलाला कचऱ्यासारखं झाडणीनं सुपात लोटायचं, दुसऱ्याच्या अंगणात ठेवून द्यायचं आणि मग पायलीभर कोंडा देऊन विकत आणायचं, अशी तिकडं रीत होती. कचरा म्हटलं की कोणी न्यायला येत नाही. झाडूला मुखरू कोतवालाच्या अंगणात ठेवलं होतं. त्याची आई सांगायची ते इतकंच: ठेवलं, उचललं, कोंडा दिला, आणलं. जणू पान लावायला लागतो तेवढाच वेळ.

दुपारी तो पोलीस पाटील वामनरावाकडे गेला. वामनराव दोघांचीही बाजू सांभाळून बोलला. गोष्ट खरीच असेल, पण गोष्टीवर सही नसते, कागदावर असते, असं त्याचं म्हणणं. येत्या ऐतवारी पारीवरच बसू, झाडूनंही आपला कागद आणावा, तोपर्यंत मोरी बंद. झाडूनं विचारलं, ऐतवारापर्यंत धान थांबेल का. वामनरावानं आभाळाकडं बघितलं. तो स्वतःही धानाचाच शेतकरी होता.

कांतानं सगळं ऐकून घेतलं आणि पायाच्या बोटांमधला चिखल काडीनं काढत म्हणाली, “मंग मास्तराकडं जा. त्याच्याच बापानं सांगतलं हाये ते.”

मास्तर म्हणजे मुखरू कोतवालाचा मुलगा खुशाल. शेजारच्या गावच्या शाळेत तो मुख्याध्यापक होता, वय अठ्ठेचाळीस. त्यांची वस्ती टोल्याच्या दक्षिणेला, छप्पन सालानंतर बौद्ध झालेली. खुशाल झाडूच्या घरी अधूनमधून यायचा, बियाण्याचं किंवा बँकेचं पत्र वाचून द्यायचा. त्याला चहा मिळायचा. त्याची कपबशी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायची. चहा झाला की तो ती स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. याबद्दल कधी कोणी काही बोललं नव्हतं.

खुशालनं सगळं नीट ऐकलं, तारीख दोनदा विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. त्यानं सांगितलं की गुणवंतरावाला मिळाली ती एका ओळीची नक्कल. पंजी म्हणजे सबंध वही. मागचं-पुढचं पाहिल्याशिवाय एका ओळीचा अर्थ लावू नये. त्याचा बाप ठाण्याच्या दिवशी, दर पंधरवड्याला, सोळा मैल चालत जायचा आणि गावातले जन्म-मृत्यू तोंडी सांगायचा. लिहिता येत नसे. म्हणून जवळ अंबाडीची दोरी असायची. जन्माची गाठ एका टोकाला, मौतीची दुसऱ्या. मुंशी विचारायचा तेवढंच तो सांगायचा: गाव, बाप, जात, मुलगा की मुलगी. आईचं नाव विचारायचा रकाना नव्हता. मुलाच्या नावाचाही नव्हता.

“तुया बापानं असं काऊन सांगतलं?” झाडूनं विचारलं.

“ते मले नाई माहीत, झाडूभाऊ. मायले इचारा लागन. पयले पंजी पाहू.”

बुधवारी पहाटे दोघं कुरखेड्यापर्यंत चालत गेले. कांता त्यांच्या आधीच उठून खालच्या बांधीकडे गेली होती. बांधीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं, ते ती घमेल्यानं उपसून धानाच्या बुडाशी टाकत होती. शंभर घमेली टाकली की एका खाटेएवढी जागा ओली व्हायची. ती मोजत होती.

गडचिरोलीला एस.टी. पोचायला दुपार झाली. अर्ज लिहिणं, तिकीट लावणं, सही, यात पहिला दिवस गेला. जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली होती आणि चंद्रपुराहून आलेले बस्ते अजून मांडले जात होते. रेकॉर्डाच्या खोलीतला कारकून सुपारी कातरता कातरता म्हणाला की एवढी जुनी पंजी काढायला उद्याचा दिवस लागेल. त्यानं तसं शांतपणे सांगितलं, म्हणून खुशालला बरं वाटलं. संध्याकाळी खुशालनं आपल्या मावसभावाच्या घराचं नाव काढलं. जेवण होतं, झोपायला जागा होती. झाडू म्हणाला, आपण स्टँडावरच पडू, उगा त्याईले तरास. खुशालनं त्याच्याकडं पाहिलं आणि आपली पिशवीही स्टँडावरच्या बाकड्याखाली ठेवली. हॉटेलात दोघांसमोर एकाच बादलीतून विसळून काढलेल्या कपांत चहा आला. झाडूनं तो बशीत ओतून प्यायला, हे नेहमीसारखंच.

गुरुवारी अकराच्या सुमारास लाल फडक्याचा बस्ता टेबलावर आला. फडक्याची गाठ सोडली तेव्हा वाळवीची माती पडली. कारकुनानं खुशालचा पेन बाजूला ठेवायला लावला, हात पुसायला लावले, आणि पंजी समोर सरकवली. शाई तपकिरी झाली होती. अक्षर ठाण्याच्या मुंशीचं, एकमेकांत अडकलेलं, पण रकाने आखीव. खुशाल बोट न लावता, बोटाची सावली ओळीवर धरून वाचत होता. तेवीस सप्टेंबरची ओळ लगेच सापडली. गुणवंतरावाची नक्कल खरी होती.

“आता?” झाडू म्हणाला. तो टेबलाच्या कडेला उभा होता. बसायला सांगितलं तरी बसला नव्हता.

खुशालनं पानं मागं उलटायला सुरुवात केली. लटारूचं नाव चुकून दुसऱ्या महिन्यात गेलं असेल तर सापडेल, असा त्याचा हिशेब. ऑगस्टमध्ये चिचटोल्याचं काही नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या पानावर त्याच्या बोटाची सावली थांबली. बराच वेळ ती हलली नाही. मग त्यानं ऑक्टोबरपर्यंत पुन्हा पुढं पाहिलं, या वेळी वहीच्या उलट्या बाजूनं, जिथं मौती लिहिलेल्या असत.

झाडूनं विचारलं, सापडला का लटारू. खुशालनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं तीन ओळी हळूहळू वाचून दाखवल्या, पहिलीत शिकवतात तशा.

अकरा जुलै चौतीस. चिचटोला. मुखरू वल्द सोमा. मुलगी एक.

तेवीस सप्टेंबर चौतीस. चिचटोला. मुखरू वल्द सोमा. मुलगा एक.

मौती. दोन ऑक्टोबर चौतीस. चिचटोला. मुखरू वल्द सोमा यांची मुलगी एक. वय तीन महिने. कारण ताप.

“मुखरूचेच हाये त सगळे,” झाडू म्हणाला.

खुशालनं बोटांवर मोजलं. जुलैचे वीस, ऑगस्टचे एकतीस, सप्टेंबरचे तेवीस. चौऱ्याहत्तर. एक बाई बाळंत झाल्यावर चौऱ्याहत्तर दिवसांनी तिला दुसरं पूर्ण दिवसांचं मूल होत नाही, हे त्यानं झाडूला सांगितलं. सांगायची गरज नव्हती. झाडूनं गाई-म्हशी पाळल्या होत्या आणि त्याला स्वतःची दोन मुलं होती. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढलं. मुलगी मुखरूची, म्हणजे मुलगा मुखरूचा नाही. पंजीतलीच एक ओळ दुसऱ्या ओळीला खोटं पाडत होती. झाडूनं टेबलाची कड धरली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

“मंग झालं आपलं काम,” तो म्हणाला.

खुशाल पंजीकडं बघत होता. “मले बहीन होती,” तो म्हणाला. “मले माहीतच नोतं.”

झाडूचं हसू उतरायला वेळ लागला. मग तो खाली बसला, खुर्चीवर नाही, भिंतीला टेकून जमिनीवर. कारकुनानं सुपारीची डबी पुढं केली. दोघांनीही घेतली नाही.

नक्कल शुक्रवारी चार वाजता मिळाली. तिन्ही ओळी, गोल शिक्का, सही. परतीच्या एस.टी.त दोघं शेजारी बसले. झाडूनं दोनदा बोलायला तोंड उघडलं. शेवटी त्यानं विचारलं की ऐतवारी हे मास्तरच वाचतील ना. खुशाल खिडकीबाहेर बघत म्हणाला, “पयले मायले इचारा लागन. त्या दोन ओळी तिच्या हायेत. तुम्हीच इचारा. मी नाई इचारनार.”

शनिवारी सकाळी झाडू आधी बांधीवर गेला. चार दिवसांत मधल्या बांधीलाही भेगा पडल्या होत्या. वरचं पान गुंडाळून सुतळीसारखं झालं होतं. कांताच्या तळहातांवर घमेल्याच्या कडेनं फोड येऊन फुटले होते, त्यांवर तिनं हळद लावली होती. त्यानं एक लोंबी पोटरीतून उलगडून पाहिली. दाणे अजून धरायचे होते, नुसती कोवळी हिरवी टरफलं, दाबली तर चपटी होतील अशी. कांता म्हणाली, उद्या संध्याकाळी पाणी आलं तर ठीक, सोमवारी आलं तर वैरण. मग तो दक्षिणेकडच्या वस्तीत गेला.

रुखमाबाई ओट्यावर बसून अंबाडीची भाजी खुडत होती. वय ऐंशीच्या आसपास, एका डोळ्यात फूल पडलेलं. दर पोळ्याला झाडू तिच्या घरी पायलीभर तांदूळ पोचवायचा. आईनं घालून दिलेला नेम होता तो. पायली अंगणात ओतायची, तिथूनच विचारपूस करायची आणि निघायचं. या वेळी तो ओट्याच्या पायरीवर बसला. खुशालच्या बायकोनं पितळी लोट्यात पाणी आणलं.

“तहान नाई,” झाडू म्हणाला.

तिनं लोटा त्याच्याजवळ ठेवला आणि ती आत गेली. रुखमाबाईनं लोट्याकडं पाहिलं, झाडूकडं पाहिलं आणि पुढची काडी उचलली.

त्यानं पंजीचं सांगितलं. एकदा अडखळला, मुलगी म्हणताना. म्हातारीचे हात चालूच होते. त्याचं बोलणं संपल्यावर तिनं खुडलेली भाजी एका बाजूला केली, देठ दुसऱ्या बाजूला.

“तुया माईचे तीन पोट्टे गेले होते,” ती म्हणाली. “तू झाला त दाईनं तुले झाडनीनं सुपात लोटलं अन् या आंगनात ठेवून गेली. वळून पायलं नाई. पाहाचं नसते. माया अंगावर दूध होतं, म्हनून आमचं घर. कोंडा बाराव्या दिवसी आला.”

“बारा दिवस?” झाडू म्हणाला.

“तुले काय सांगतलं होतं?”

झाडू बोटांवर मोजायला लागला.

“बारा. मधात ठान्याचा दिवस आला. बुढ्यानं तिथी लटारूचं नाव घेतलं असतं त ज्यानं तीन नेले त्यानं आयकलं असतं. कोंडा येवस्तोर तू आमचाच. तवा तसंच मानत सगळे. म्हनून आपलं नाव सांगतलं. खोटं नाई बोलला तो. त्या दिवसी तू आमचाच होता.”

झाडूनं मान खाली घातली. पायरीच्या दगडावर मुंग्यांची रांग होती. मुलीचं काय झालं हे त्यानं विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. दोन्ही लेकरं तिच्या दोन बाजूंना असत. झाडू दांडगा होता, आधी ओढायचा. दहाव्या दिवशी मुलीला ताप चढला, संध्याकाळी ती गेली. आणखी दोन दिवस तो अंगावर होता. मग पायलीभर कोंडा आला, आणि एक लुगडं. लोक म्हणाले, लटारूच्या घरचं मरण इथं वळलं.

“मी तसं मनलं नाई कधी,” रुखमाबाई म्हणाली. “ताप होता. टोल्यात तवा घरोघरी ताप होता. तुयामुळं नाई गेली ते. पन तुया माईनं लुगडं देल्लं अन् पोरीचं नाव नाई इचारलं. तांदूळ देत राह्यली. तू बी देत राह्यला.”

मग झाडूनं विचारलं, उद्या वाचलं तर चालेल का.

“वाचा. पन मी तिथी असीन.”

ऐतवारी दुपारी पारीवर तीसेक माणसं जमली. बोडीत कमरेइतकं पाणी होतं आणि त्यात आभाळ कोरडं दिसत होतं. वामनराव मोहाच्या सावलीत घोंगडीवर बसला. रुखमाबाईला खुशालनं हाताला धरून आणलं. तिला घोंगडीवर बसायला कोणी सांगितलं नाही. ती मोरीजवळच्या दगडावर बसली, ज्या दगडानं फांद्या दाबल्या होत्या, त्यावरच.

गुणवंतरावानं आपली ओळ वाचून दाखवली. मग खुशालनं तिन्ही ओळी वाचल्या, वर्गात वाचतो त्याच आवाजात, आणि कोंडा बाराव्या दिवशी आला होता हेही सांगितलं. चौऱ्याहत्तर दिवस म्हटल्यावर बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली आणि कोणीतरी हसलं. वामनरावानंही बोटं मोजली. गुणवंतरावानं आपली नक्कल पुन्हा पिशवीत गुंडाळली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बांध्याही खालीच होत्या आणि बोडीत दोन घरांना पुरेल इतकं पाणी या वर्षी नव्हतं, हे तोही मोजून होता.

“मुखरूले दुसरी बायको असन,” तो म्हणाला.

“असती त बरं झालं असतं,” रुखमाबाई दगडावरून म्हणाली. “पानी तरी तिनं भरलं असतं.”

आता मोठ्यानं हसले. गुणवंतरावाचे कान लाल झाले. त्यानं विचारलं की मुलगी मुलगी म्हणता, तर कागदात तिचं नाव कुठं आहे. बिननावाची मुलगी कोणीही दाखवील. टोल्यात तर अशी मुलगी कोणी ऐकलेली नाही.

खुशालनं आईकडं पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं.

“गुलाब,” रुखमाबाई म्हणाली. “पाचव्या दिवसी ठेवलं होतं नाव. बोडीच्या तिकडल्या अंगाले, चिंचेखाली हाये ते.”

सगळ्यांनी चिंचेकडं पाहिलं. तिथं एक बैल चरत होता. वामनरावानं घसा साफ केला आणि मोरी उघडायला हरकत दिसत नाही असं म्हणायला लागला, पण गुणवंतरावाचं अजून उरलं होतं. तो झाडूकडं वळला.

“मंग हे बी सांग दादा सगळ्याईसमोर. बारा दिवस कोनाचं दूध पेला तू. उद्या तुया पोरीचं लगन करशीन, सोयऱ्याईले बी समजू दे.”

कांतानं पदर तोंडाशी धरला. झाडू पारीच्या उतारावर उभा होता, फावडं हातात. त्यानं फावड्याचा दांडा दोनदा जमिनीत रोवला. त्याला बोलायची सवय नव्हती, आणि एवढ्या माणसांत तर नाहीच.

“रुखमामायचं पेलो,” तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, “गुलाबच्या वाट्याचं पेलो.”

बोडीत एक मासा उलटला. वामनराव घोंगडीवरून उठला आणि त्यानं गुणवंतरावाला सांगितलं की दगड तू ठेवलास, तूच काढ. गुणवंतराव पुढं आला, पण दगडावर म्हातारी बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. तिला उठ म्हणायला त्याला एक मिनिट लागलं. “उठ वो बाई,” असं तो शेवटी म्हणाला. ती खुशालचा हात धरून सावकाश उठली.

चिखल वाळून घट्ट झाला होता. झाडूनं फावड्यानं फोडला, गुणवंतरावानं फांद्या ओढल्या. मोहाच्या खोडातून आधी गाळ आला, मग बेडकाचं एक पिल्लू, मग पाणी. ते वरच्या बांधीत शिरलं आणि भरायला लागलं. मधल्या बांधीपर्यंत पोचायला तास गेला. खालच्या बांधीच्या भेगांत ते पहिल्यांदा नुसतंच नाहीसं होत होतं. कांता बांधावर बसून ते बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं उठून बांधातून पाणी जायच्या नुक्क्याला पायानं माती लावली, म्हणजे बांधीत पाणी उभं राहिलं होतं.

घरी आल्यावर तिनं झाडूला नक्कल पेटीत ठेवायला सांगितलं. पुन्हा कोणी विचारलं तर. झाडूनं ती पेटीत ठेवली नाही. गोठ्याच्या कोनाड्यातली कपबशी त्यानं काढली, चुलीजवळच्या बाकीच्या कपांत ठेवली आणि तो निघाला. कांता कपाकडं पाहत राहिली, पण तिनं तो हलवला नाही.

दिवस अजून बांधावर होता. रुखमाबाई ओट्यावरच होती. झाडू पायरी चढून तिच्याशेजारी बसला आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. आज पाणी कोणी आणलं नाही. आणलेलं काल परत गेलं होतं. थोडा वेळ वाट बघून त्यालाच म्हणावं लागलं, “पानी दे माय.”

तिनं आत आवाज दिला. तोच पितळी लोटा आला. त्यानं वरून न ओतता तोंड लावून प्यायलं. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं.

रुखमाबाईनं कागद डोळ्याशी धरला, फूल नसलेल्या डोळ्याशी. मग खुशालला हाक मारून विचारलं की यात गुलाब कुठी हाये. खुशालनं पहिल्या ओळीवर तिचं बोट ठेवलं, मग तिसऱ्या ओळीवर. नाव लिहिलेलं नाही, असं त्यानं सांगितलं. नुसतं मुलगी, आणि पुढं एकाचा आकडा.

“लिवून देशीन का खाली?” झाडूनं त्याला विचारलं.

शिक्क्याच्या कागदावर आपण काही लिहायचं नसतं, खुशाल म्हणाला.

म्हातारीचं बोट त्या आकड्यावरच होतं. वर गोल वळण आणि खाली उतरलेली रेघ. तिला अक्षरं येत नव्हती, पण आकडा तेवढा ओळखता येत होता.

“राहू दे,” ती म्हणाली. “एक त लिवली हाये.”